दिव्याच्या आधी बटण

माझा धाकटा भाऊ ड्रम वाजवतो. लहानपणी ताट, बादली, माझी पाठ, जे सापडेल ते बडवायचा, म्हणून घरात त्याचं नाव ठोक्या पडलं. आता केस पांढरे झाले, मुलगी नोकरीला लागली, तरी ठोक्या तो ठोक्याच. आपला ताल कधी चुकत नाही याचा त्याला भारी तोरा.

मला काचबिंदू आहे. मी कपडे शिवते. सुईत दोरा एका फटक्यात ओवत होते, डोळा दुखत-खुपत नव्हता, त्यामुळे संशयच आला नाही. कळलं तेव्हा बरीच नजर गेली होती. गेलेली परत येत नाही. राहिलेली टिकावी म्हणून रोज थेंब घालते. डॉक्टरबाई तेव्हाच म्हणाल्या होत्या, "हे घराण्यात असू शकतं. सख्ख्या भावंडांना तपासून घ्या." सख्खं भावंड एकच, आणि ते असं.

"ताई, मला समोरच्या इमारतीवरची पाटी वाचता येते," हे त्याचं ठरलेलं उत्तर. कधी कार्यक्रम, कधी सर्दी. दर वेळी हातावर तुरी. शेवटी मी त्याच्या दारातच खुर्ची टाकून बसले. म्हटलं, "तू निघेपर्यंत तुझ्या शेजाऱ्यांना तुझे लहानपणीचे पराक्रम सांगते." त्याने निमूटपणे बूट घातले.

दवाखान्यात डोळ्याचा दाब जास्त निघाला. डॉक्टरबाईंनी डोळ्याच्या आत पाहिलं आणि म्हणाल्या, "नस जरा खराब झालेली वाटते. आजूबाजूचं किती दिसतं ते मशीनवर बघू." मला माझी तपासणी आठवली. ठोक्या मात्र खुशीत. कुठलीही परीक्षा त्याला स्पर्धाच वाटते.

एक डोळा झाकायचा, हनुवटी टेकवायची, मशीनमधल्या मधोमधच्या ठिपक्यावरून नजर हलवायची नाही. कडेला कुठे बारीक दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. मी पडद्याबाहेर बाकावर बसले. आतून टिक, टिक, टिक असा सुरेख ठेका येत होता. कुठे खंड नाही. माझा जीव भांड्यात पडला.

तो छाती काढून बाहेर आला. "एक दिवा सोडला नाही, ताई!"

मागोमाग तपासणी करणारी मुलगी आली. "काका, तुम्ही काम काय करता?"

"ड्रम वाजवतो."

"तरीच! मशीन मधूनमधून मुद्दाम दिवा लावतच नाही. तुम्ही तेव्हाही बटण दाबलंय. या निकालावर विश्वास नाही ठेवता येणार."

आधी मला हसू आलं आणि मग असा संताप आला की भरल्या बाकांसमोर मी त्याला झाडलं. "लबाडा, कुणाला फसवतोयस? डोळे तुझेच आहेत ना?"

तो खाली बघत म्हणाला, "मुद्दाम नाही गं केलं. सुरुवातीला बघूनच दाबत होतो. मग मध्येच बराच वेळ दिवा येईना. वाटलं, येऊन गेला आणि मला दिसलाच नाही. घाबरलो. हात आपोआप तालावर गेला." मग हळूच म्हणाला, "बाबांसारखं झालं तर?"

आमचे वडील शेवटी भिंत चाचपत चालायचे. वय झालं की व्हायचंच, असं म्हणून आम्ही सगळ्यांनी सोडून दिलं होतं. माझा राग कुठल्या कुठे गेला.

"बाबांना इथे कुणी आणलं नाही. तुला मी आणलंय," मी म्हटलं. "चुकतील तेवढे चुकू देत. पण खरं दाब."

"काही दिवे इतके मंद असतात की ते कुणालाच दिसत नाहीत, काका," ती मुलगी म्हणाली. "थोडा वेळ डोळे मिटून बसा. पुन्हा घेऊ."

पुन्हा पडदा ओढला. टिक. मग काहीच नाही. टिक, टिक. मग लांबच लांब शांतता. त्या शांततेत मी मनात आकडे मोजत होते. पण आयुष्यभर ज्याने एक ठोका सोडला नाही, तो आत बसून खरेपणाने ठोके सोडत होता. त्याच्या कुठल्याही कार्यक्रमात मला त्याचा इतका अभिमान वाटला नव्हता.

डाव्या डोळ्याची नाकाकडची थोडी नजर गेली होती. उजवा चांगला होता. "वेळेत आलात," डॉक्टरबाई म्हणाल्या. "थेंब चुकवायचे नाहीत, तपासणी चुकवायची नाही. आहे ते टिकवण्याच्या मागे लागू. आणि तुमच्या मुलीलाही घेऊन या."

"ती ऐकणार नाही," ठोक्या म्हणाला.

"तुमच्यावर गेली असेल," डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या.

मी मनापासून हसले. फार बरं वाटत होतं. माझ्या बाबतीत जे वेळेवर झालं नाही, ते त्याच्या बाबतीत झालं होतं.

बाहेर पडताना दाराशी तो थांबला. "ताई, मला वाटलं होतं, दिसत नाही तिथे काळं दिसत असेल. तसं काही नव्हतंच. सगळं नीट आहे असंच वाटत होतं. तुलाही तसंच होतं का? तुला कुठलं दिसत नाही?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. नवरा न चुकता थेंब आणतो, सून दवाखान्याच्या तारखा लक्षात ठेवते, पण हे कुणीच विचारलं नव्हतं. मी हात छातीशी आडवा धरला. "इथून खालचं. चालताना मला माझे पाय दिसत नाहीत."

तो माझ्या हाताखालच्या जागेकडे बघत राहिला. मग शेजारी येऊन त्याने माझं कोपर धरलं.

"पायरी आहे, ताई," तो म्हणाला.