कनकीचा दिवस

मित्रांनो, कामठ्यातल्या टेकचंदच्या पडवीत मान टेकून पडलेले लांब लाकूड दिसले, तर ओळखा : ती मी, एक जुनी ढेकी. माझ्या शेपटीवर पाय दाबला की तोंड वर उचलते. पाय सोडला की तोंडाचे मुसळ उखळातल्या धानावर पडते आणि तूस सुटते. एक बाई पाय देते, दुसरी उखळाशी बसून धान सारते.

देश स्वतंत्र झाल्यावर वर्षभराने सुताराने मला बिज्याच्या टणक ओंडक्यातून घडवले. माझ्याभोवती बायका हसत, भांडत. सर्वांत मोठे हसू टेकचंदच्या बायकोचे, प्रेमिलाचे.

पुढे तिला मुलगा झाला आणि ते हसू विझले. गावात गूळ वाटला गेला. प्रेमिला मात्र पडवीलगतच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून निजे. बाळ रडले तरी तिचा हात पुढे होईना. ताट तसेच परत येई.

"सोन्यासारखा पोरगा झाला, अन् हे काऊन रडून राहिली?" सासू रुख्माबाई चिडल्या.

शेजारच्या शकुंतलाबाई म्हणाल्या, "बाळाले सारे पायतेत, रुख्मा. तिले कोन पायते?"

दारातल्या टेकचंदने ते ऐकले.  माझा आवाज तिला आवडतो, हे त्याला ठाऊक होते. दुपारी त्याने उखळात धान ओतले आणि माझ्यावर पाय दिला. पुरुषाने ढेकी कांडणे! रस्त्यावरून जाणारा गावातला केशोराव ओरडला, "टेकचंद, लुगडं आनू का?"

टेकचंद थांबला नाही. त्याचा पाय जड, ताल वेडावाकडा. दाणे तुटून त्यांची कणी होत होती. मला लाज वाटत होती.

तोच दार करकरले.

"अवो, पुरे करा! तांदूळ नाही, कनकी करून राहिले तुमी!"

किती दिवसांनी तो आवाज!

"मंग सांग ना, कसं करू? मले नाही जमत."

ती उखळाशी बसली. हळूच म्हणाली, "मले भेव लागते. पोरगा रडते, अन् मले काहीच वाटत नाही. मी वाईट माय आहो का?"

"नाही वो. त्याले उचलताना मलेबी भेव लागते. दोघं मिळून शिकू."

मित्रांनो, दुःख एका दुपारात सरत नाही. पण त्या दिवशी घराने कनकीची पेज खाल्ली, आणि प्रेमिलाने दुसऱ्यांदा वाटी पुढे केली. मग सासूबाई बाळ सांभाळून तिला झोपू देऊ लागल्या. शकुंतलाबाई रोज येऊन नुसत्या बसत, ऐकत. आणि पोळ्याच्या सुमारास, बाळाला मांडीवर घेऊन, प्रेमिला माझ्याशेजारी इतक्या मोठ्याने हसली की अंगणातल्या कोंबड्या उडाल्या! त्या हसण्यापुढे माझे सारे कांडण फिके.

आता जवळच्या आमगावला भातगिरणी आहे. माझ्या तोंडावर धूळ आहे. तरीही गावात एखादी नवी आई मुकी झाली, तर प्रेमिला तिला हाताला धरून आणते आणि माझ्या पाठीवर बसवून तिचे ऐकते.

मित्रांनो, तुमच्या घरी बाळ येईल तेव्हा पाळण्यात जरूर डोकावा. पण नंतर आईजवळ बसा, वडिलांजवळही. कसे वाटते ते विचारा आणि उत्तराची वाट पाहा. एकट्याच्या पायाने कनकी होते. तांदूळ व्हायला दोघे लागतात.