माझ्यावर काच बसवली तेव्हा

मित्रांनो, मी एक रागावलेलं टेबल आहे. जुनंही आहे, पण रागावलेलं आधी. माझ्या वयाबद्दल कोणी हळहळू नका. माझा राग मात्र नीट ऐकून घ्या.

बालवाडीच्या बाईंनी मला करून घेतलं. सुताराच्या दुकानात त्या चक्क जमिनीवर गुडघे टेकून बसल्या आणि हाताने उंची दाखवली.

"एवढंच हवं. चार वर्षांच्या पोराच्या पोटाशी येईल एवढं."

सुतार हसला. "बाई, यावर जेवणार कोण, मांजरं?"

"जेवायचं नाही हो. सांडायचं."

सुताराने हे मनावर घेतलं. माझे कोपरे त्याने इतके घासले, की कुणाचं कपाळ आपटलं तरी खोक पडू नये. मधोमध पत्र्याचं पसरट कुंड बसवलं आणि पाणी सोडायला तळाशी बूच ठेवलं.

पुढची अकरा वर्षं मी एक दिवसही कोरडं राहिलो नाही. पिवळ्यात निळा मिसळून हिरवा झाला, की मुलं असं ओरडत, जणू हिरवा रंग जगात पहिल्यांदाच आला! माझ्यावर माती थापली, पीठ मळलं, बर्फात गोठवलेली बटणं कोमट पाण्याने सोडवली. बालवाडीतल्या मावशी रोज मला पुसताना करवादायच्या, "हे टेबल आहे की उकिरडा?" पण पुसायच्या मायेने.

मग बाराव्या वर्षी एक मुलगी आली. एवढीशी होती, म्हणून सगळे तिला टिल्ली म्हणत. तीन महिने तिने तोंडातून अवाक्षर काढलं नाही. माझी कड दोन्ही हातांनी घट्ट धरून नुसती बघत राहायची. एकदा बाईंनी कुंडात संत्रं सोडलं. ते तरंगलं. मग ते सोलून पुन्हा सोडलं, तर ते तळाशी गेलं. टिल्लीची बोटं माझ्यावर आवळली.

"का?" ती म्हणाली.

तिचा बालवाडीतला पहिला शब्द! बाई ओल्या फरशीवरच बसल्या. "का ते आपण शोधू हं," एवढंच त्यांना बोलता आलं. सालीत दडलेली हवा शोधायला त्या दोघींना अख्खी सकाळ लागली.

त्याच वर्षी नव्या संचालक मॅडम आल्या. त्यांनी माझ्यावर बोट फिरवलं आणि ते रुमालाला पुसलं.

"हे काय आहे? पालकांना काहीतरी दिसायला नको का?"

"मुलं शिकतात ते दिसतं की," बाई म्हणाल्या.

"मला ओल्या बाह्या दिसतात."

आठवड्याच्या आत माझ्या कुंडावर जाड काच बसली. काचेवर पाटी आली, 'हात लावू नये'. मुलांसाठी केलेल्या टेबलावर ही पाटी! मला हात असते, तर ती मी टराटरा फाडली असती. बाईंनी दोनदा अर्ज दिला. दोन्ही वेळा उत्तर आलं, 'पालकांसाठीच्या प्रदर्शनानंतर बघू.'

प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी मुलं घरी गेल्यावर मॅडम आणि कार्यालयातल्या दोघीजणी कात्र्या घेऊन बसल्या. त्यांनी चकचकीत कागदाच्या बावीस होड्या कापल्या, चिकटवल्या, प्रत्येकीवर एकेका मुलाचं नाव लिहिलं आणि त्या माझ्या काचेवर मांडल्या. सगळ्या होड्या एकसारख्या. एकही वाकडी नाही. मित्रांनो, याला मी चोरी म्हणतो. मुलांची चूक करायची संधी चोरली, आणि वर होड्या त्यांच्याच नावाने खपवल्या!

दुसऱ्या दिवशी पालक आले. टिल्लीची आई शिवणकाम करायची. काम अर्धं टाकून आलेली, गळ्यात अजून मोजायची टेप होती.

"तुझी होडी कुठली गं?"

"माझी नाही," टिल्ली म्हणाली.

मॅडम लगबगीने पुढे आल्या. "असं नाही म्हणायचं, बाळा. नाव आहे ना तुझं त्यावर?"

"मी नाही केली. तुम्ही केली."

मॅडम हसल्या. "मुलं काय, काहीही बोलतात."

"माझी मुलगी काहीही बोलत नाही," आई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच तो जास्त लागला. "तीन महिने तर इथे काहीच बोलत नव्हती. आता बोलतेय ते ऐकून घ्या. कुणी केल्या होड्या?"

कार्यालयातल्या दोघी खाली बघू लागल्या. टिल्लीने ती होडी उचलून काचेवर पुढे ढकलली. कागद खरखरला. तिने काचेवर टकटक केली. "पाणी कुठंय?"

तेव्हा बाई उठल्या. "मावशी, एक बाजू धरा."

"बाई, विचार करा!" मॅडम ओरडल्या.

"दोन अर्ज भरून विचार केलाय."

काच निघाली. बादलीभर पाणी आलं. चकचकीत होडी क्षणभर तरंगली, मग तिचा डिंक सुटला आणि ती लगदा होऊन बसली. मुलं हसली नाहीत. त्यांनी बाह्या सरसावल्या आणि कागद, पानं, झाकणं घेऊन कामाला लागली. दोन बाबाही मांडी घालून बसले.

बाईंना त्या धाडसाचा जाब विचारणारं पत्र मिळालं. पुढच्या वर्षी त्यांची नेमणूक झाली नाही. टिल्लीच्या आईने सतरा पालकांच्या सह्या गोळा करून नेल्या, तरीही नाही. काच तेवढी परत आली नाही. सह्यांची भीती काचेपुरतीच पुरली.

म्हणून मी रागावलेलं आहे, आणि हा राग मला उतरवायचा नाही. मित्रांनो, तुमच्या हातातून कुणी कात्री काढून घेऊन "थांब, मी छान करून देते" म्हणालं, तर सोडू नका ती कात्री. आणि मोठ्यांनो, माझी निगा राखायची असेल, तर मला चमकवू नका. मला भिजवा, चिखलात माखा, पोरांच्या ताब्यात द्या. आणि तुमचे स्वच्छ, हुशार, घाईचे हात जरा मागे बांधून उभे राहा.