मागचे पंख

पतंग गॅसच्या मागच्या फरशीवर बसला होता. करडा, पुढच्या पंखांवर एक वाकडी काळी रेघ. मी त्याच्यावर काचेची बरणी पालथी घातली, खालून जाड कागद सरकवला, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढला आणि आमच्या कीटक ओळखण्याच्या ग्रुपवर टाकला.

पाच मिनिटांत अण्णांचं उत्तर आलं. अण्णा म्हणजे माझे वडील. ते बाहेरच्याच खोलीत होते, पण नाव सांगायचं ते ग्रुपवरच, असा त्यांचा नेम. ‘राखाड्या. नर.’ त्याखाली भराभर अकरा अंगठे.

ते अंगठे मला खटकले. मी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते. शंका असलेली काचपट्टी आमच्याकडे दोघं जण वेगवेगळी पाहतात, आणि पहिल्यानं काय लिहिलं ते दुसऱ्याला कळू देत नाहीत. शिवाय मागचे पंख पाहिल्याशिवाय नाव द्यायचं नाही, हे या सगळ्यांना शिकवलं होतं ते अण्णांनीच. माझ्या फोटोत मागचे पंख झाकलेले होते. अण्णांनी ते मागितलेच नाहीत.

मी बरणीची कड जराशी उचलून मऊ कुंचल्यानं पतंगाला हलकेच डिवचलं. पुढचे पंख सरकले आणि खालून शेंदरी रंग दिसला. राखाड्याचे मागचे पंखही करडेच असतात.

मी दातांच्या डॉक्टरांना फोन केला. ग्रुपमधले ते सगळ्यात जुने.

“थांब हं, पेशंटच्या तोंडात कापूस आहे. बोल.”

“तुम्ही अंगठा दिलात. खरंच राखाड्या वाटला?”

“छे! शेंदऱ्या आहे. रेघ बघूनच कळलं.”

“मग?”

“अगं, अण्णांना कोण सांगणार? हल्ली त्यांचं बरंच चुकतं.” त्यांनी आवाज खाली आणला. “आमचा दुसरा ग्रुप आहे. खरी नावं तिथं ठरतात. सहा-सात महिने झाले. त्यांचा मान राहावा म्हणून, दुसरं काही नाही.”

“मला नाही घेतलंत.”

“तू त्यांच्या घरात राहतेस ना.”

मी बरणी घेऊन बाहेर आले. अण्णा चष्मा पुसत होते.

“तो दातवाला होता ना?” ते म्हणाले. “पूर्वी एका ठिपक्यावरून तीन-तीन दिवस डोकं खायचा माझं. आता मी म्हणेन ती पूर्व दिशा. सगळे एकदम शहाणे झाले, की मीच वेडा झालोय?”

तेव्हा विषय बदलता आला असता. मी बरणी आणि कुंचला त्यांच्यासमोर ठेवला.

त्यांनी चष्मा लावला, बरणीची कड उचलली आणि कुंचल्यानं पंख नीट उघडला.

“शेंदऱ्या.”

“हो.”

“त्यांनी ओळखला होता?”

“हो.”

“मग हे सगळं बोलतात तरी कुठे? त्या लोकांच्या पोटात काही राहत नाही.”

मी दुसऱ्या ग्रुपचं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, “तू आहेस त्यात?”

“नाही.”

त्यांनी मान डोलावली. मग फोन उचलून एका बोटानं लिहायला घेतलं. मी शेजारून वाचत होते. ‘चुकलो. शेंदऱ्या आहे. मागचे पंख पाहिले नाहीत. ओळखलं होतंत तर बोलला का नाहीत? कान धरा माझा.’

पाठवलं. आम्ही दोघंही वाट पाहत राहिलो. डॉक्टर काहीतरी लिहीत असल्याचं दिसलं. मग ते थांबलं. मग पुन्हा सुरू झालं, पुन्हा थांबलं. मग कुणीतरी लिहिलं, ‘अगदी बरोबर, अण्णा!’ आणि अंगठे यायला लागले.

अण्णांनी फोन माझ्याकडे दिला. “किती?”

“अकरा.”

“दातवाल्याचा?”

मी पुन्हा एकदा पाहिलं. बरणीत पतंगानं पंख मिटून घेतले होते.

“आहे,” मी म्हणाले. “दोन्ही नावांखाली आहे.”