डाव्या बाजूच्या पिना

सहाव्या पर्वापर्यंत आमच्या मालिकेत इतकी समांतर जगं झाली होती की मेकअपच्या खोलीत ती रंगांवरून ओळखली जायची. हिरवं जग, जांभळं जग, आणि सगळ्यांना मिशा असलेलं एक जग. सकाळी कोणी विचारलं, "आज कुठे?" तर उत्तर यायचं, "जांभळ्यात, जेवणापर्यंत."

मालिकेचं नाव 'कॅप्टन कोमट'. नायकाच्या अंगी एकच शक्ती: तो हात लावेल ते कोमट होतं. उकळतं असो की गोठलेलं, कोमट. पहिली दोन पर्वं एवढ्यावर छान चालली. त्यानं गुंडांच्या बर्फाच्या तोफा निकामी केल्या, शेजारणीच्या बाळाचं दूध पिण्याजोगं करून दिलं, आणि लोक हसले. मग गोष्टी संपत आल्या. चौथ्या पर्वात लेखकांनी पहिल्यांदा दुसरं जग उघडलं. तो भाग खरंच चांगला झाला, आणि तिथेच घोटाळा झाला. त्यानंतर वरच्या ऑफिसातून प्रत्येक अडचणीला तेच उत्तर येऊ लागलं. कोणी काम सोडलं? दुसऱ्या जगातून आणा. कोणी मेलं? दुसऱ्या जगातून आणा. मेलेल्यासाठी कोणी रडेना, आणि परत आलेल्याचं कोणाला काही वाटेना.

माझं काम कंटिन्युटीचं. कॅमेऱ्याशेजारी बसून मी बघते की मागच्या वेळी कप कोणत्या हातात होता, दार किती उघडं होतं. त्याआधी मी रसायनशास्त्र शिकले आणि इथेच, बर्नबी शहरात, एका प्रयोगशाळेत पाणी तपासत असे. दोन्ही कामांत फारसा फरक नाही. चौथ्या पर्वात लेखकांनी विचारलं होतं, दोन जगांतली माणसं वेगळी ओळखायची कशी? मी सांगितलं, काही रेणू एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखे असतात. अणू तेच, जोडणी तीच, पण डावा हातमोजा उजव्या हातात जात नाही, तसा एकाच्या जागी दुसरा बसत नाही. त्यांना ते फार आवडलं. तेव्हापासून आपल्या जगात जे डावीकडे, ते बाकी सगळ्या जगांत उजवीकडे. भांग, घड्याळ, खिसा, सगळं. प्रेक्षक चित्र थांबवून तपासायचे. विनोद फसला तर ते माफ करत, बाजू चुकली तर नाही.

ऑरव्हिल हा मालिकेतला लाँड्रीवाला. कॅप्टनचा पोशाख त्याच्याकडे धुवायला येतो, म्हणून त्याला पहिल्या भागापासून सगळं ठाऊक. छातीवर डाव्या बाजूला सेफ्टी पिनांची रांग टोचलेला एप्रन ही त्याची खूण. ही भूमिका क्लेम हार्ग्रीव्ह करायचा. वय बहात्तर, दोन्ही गुडघे कुरकुरणारे.

त्या गुरुवारी जेवणाच्या टेबलाशी तो सुपाकडे बघत बसला होता.

"गार होतंय ते," मी म्हटलं.

"कॅप्टनला हाक मार."

"आज तुला मरायचंय. काहीतरी पोटात जाऊ दे."

"हिरव्यात मेलो, जांभळ्यात मरून परत आलो, मिशा लावूनसुद्धा मेलो. उपाशीपोटी कधी मेलो नाही, ते खरं." त्यानं चमचा उचलला. "पण हे मरण मोजलं जाणार, नोरीन."

ते मी जाणून होते, सगळेच जाणून होते. त्याच्या करारातच होतं: आपल्या जगातला ऑरव्हिल मेला तरच क्लेम मोकळा. तोवर दर पर्वाला बोलावणं आलं की यायचं. त्याची बायको एव्हिस बेटावरच्या घरी एकटी असायची, आणि हा रविवारपुरता फेरीबोटीनं जायचा.

"एव्हिसचे डोळे कसे आहेत?"

"मधलं दिसत नाही. कडेचं दिसतं. माझ्याकडे बघायचं असलं की तोंड फिरवून खिडकीकडे बघते. लोकांना वाटतं, भांडण झालंय." तो हसला नाही. "पुढच्या वर्षी कडेचंही जाईल म्हणतात. तोवर मला तिच्यासमोर असायचंय. नुसतं रविवारी नाही."

तेवढ्यात डॅश आला. डॅश आमचा मुख्य लेखक आणि निर्माता. पस्तिशीही न गाठलेला, पण डोळ्यांखाली पन्नाशी.

"क्लेम, मी वर सांगितलंय. या वेळी खरं मरण. पळवाट नाही."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, एखादी फट तरी ठेव." त्यानं डोळे चोळले. "मी नाही म्हटलं. शब्द दिलाय ना तुम्हाला."

सकाळभर क्लेम जांभळ्या जगातला दुष्ट ऑरव्हिल होता. जेवणानंतर कपडे बदलून तो लाँड्रीच्या सेटवर आला आणि जमिनीवर आडवा झाला. कॅप्टनचं काम करणारा किप त्याच्याशेजारी गुडघ्यावर बसला. लिहिलेला प्रसंग साधा होता: ऑरव्हिल दोन वाक्यं बोलतो, कॅप्टन त्याचा हात धरतो, ऑरव्हिल डोळे मिटतो.

दिग्दर्शिका पॉलेट म्हणाली, "चला, ॲक्शन."

क्लेमनं लिहिलेली वाक्यं म्हटली. मग छातीवरची एक पिन काढून किपच्या मुठीत ठेवली आणि न लिहिलेलं बोलला.

"सोड हात. तू धरलास तर तो कोमटच राहणार, बाळा. मी गेलो कधी, तुला कळणारसुद्धा नाही."

किपनं हात सोडला नाही. क्लेमचे डोळे मिटले. किप नुसताच त्याच्या तोंडाकडे बघत राहिला, हातावरून काही कळेना म्हणून. सहा वर्षं आम्ही त्या शक्तीवर हसत होतो, आणि तिच्यात हे होतं हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. पॉलेट "कट" म्हणायला विसरली. दिवे सांभाळणारा माणूस बाहीनं नाक पुसत होता.

मी पिनांकडे बघत होते. त्या उजवीकडे होत्या.

जांभळ्याचा एप्रन. दोन एप्रन एकाच खुंटीवर होते, आणि चार ऑरव्हिल करून झालेल्या माणसाला आपल्या छातीची डावी बाजू कोणती हे पाहायचं सुचलं नव्हतं. मलाही ॲक्शनच्या आधी दिसायला हवं होतं.

"पिना," मी मोठ्यानं म्हटलं. "उजवीकडे आहेत."

कोणीतरी कण्हल्यासारखा आवाज केला. क्लेमनं मान वाकवून छातीकडे पाहिलं.

"चित्र आरशासारखं उलटं करू," पॉलेट म्हणाली.

"किपच्या पोशाखावरचं अक्षर उलटं होईल."

"मग काँप्युटरवर पिना हलवतील."

"त्यानं पिन काढून हातात दिलीय. ते दुरुस्त करायला आठवडे लागतील," डॅश म्हणाला. तो माझ्या खुर्चीपाशी आला होता, पडद्यावर तोच प्रसंग पुन्हा बघत. "असाच राहू दे. सहा वर्षांत आपण यापेक्षा चांगलं काही केलेलं नाही."

"आपल्याच नियमानं हा जांभळा ऑरव्हिल मेला," मी म्हटलं. "आपला जिवंत आहे."

"मला कळतंय, नोरीन. मी त्याचा फायदा घेणार नाही. क्लेम, मी शप्पथ सांगतो."

क्लेम उठून बसला होता. "तू नाही घेणार, पोरा. पण पुढच्या वर्षी तुझ्या खुर्चीत जो बसेल, तो?"

इथे कोणाच्याच खुर्चीचा भरवसा नव्हता, डॅशच्याही नाही.

"परत घेऊ," क्लेम म्हणाला.

"असं परत होणार नाही," पॉलेट हळूच म्हणाली.

"नाही होणार. दुसरा एप्रन आणा."

तो आणला. मी जवळ जाऊन पिना पाहिल्या, हात लावून पाहिल्या. डावीकडे. क्लेम पुन्हा आडवा होताना त्याचा गुडघा वाजला आणि त्यानं शिवी हासडली.

दुसऱ्या वेळी ते वाक्य पाठ केल्यासारखं आलं. किपला आता पुढचं ठाऊक होतं, त्यामुळे तो आधीच रडायला लागला. क्लेमनं डोळे थोडे लवकर मिटले. दिव्याचा माणूस घड्याळ बघत होता. चूक मात्र कुठेच नव्हती.

"ठीक," मी म्हटलं.

"पहिला दहापट चांगला होता," डॅश म्हणाला.

"मला ठाऊक आहे," क्लेम म्हणाला. "माझाच होता तो. त्यावर काट मार."

डॅशनं पडदा बंद केला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "पहिला बाद. दुसरा घ्यायचा." मी तसं लिहिलं.

भाग वसंतात दाखवला गेला. लोकांनी लिहिलं की शेवट घाईघाईत उरकला, म्हाताऱ्याचा जीव कामात नव्हता. तो खरंच मेला का, असं मात्र एकानंही विचारलं नाही. सातव्या पर्वात डॅशची खुर्ची दुसऱ्याकडे गेली. नव्या माणसानं ऑरव्हिलचे सगळे भाग मागवून घेतले, फट शोधत पाहिले, आणि लाँड्री विकून तिथे बेकरी घातली.

एका मंगळवारी दुपारी क्लेमचा फोन आला. मागे भांडी लावल्याचा आवाज येत होता.

"आम्ही तो भाग पुन्हा पाहिला. एव्हिस पडद्याला गाल लावून बसली होती."

"दिसलं तिला?"

"दिसलं. म्हणते, मरायची एवढी कसली घाई होती तुला?"

"मग तू काय सांगितलंस?"

"सांगतो काय? ती माझ्याकडे बघत होती," तो म्हणाला. "म्हणजे, खिडकीकडे."