अण्णांची दाढी

ज्या वर्षी त्याच्या मुलीचं लग्न झालं, त्या वर्षी लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी तो आपल्या सलूनमधल्या गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून मोबाइलवर फोटो बघत होता. मुलीचे, जावयाचे भराभर पुढे ढकलले. मग एका फोटोवर थांबला आणि दोन बोटांनी तो मोठा केला. चाकाच्या खुर्चीत अण्णा होते, त्याचे वडील. गाल गुळगुळीत, कानापाशी रेघ सरळ, हनुवटीखाली एक खुंट नाही.

त्याने बहिणीला फोन लावला. अण्णा तिच्याकडे राहायचे, दोन गल्ल्या सोडून.

"अण्णांची दाढी कोणी केली?"

"घाऱ्याने. तोच करतो आता. दर गुरुवारी येतो."

"मला सांगितलं नाहीस?"

"दादा, अण्णांना झटका आल्यापासून तुला किती वेळा बोलावलं? दर वेळी 'येतोच' म्हणालास. अण्णांनी तुझं नावच ते ठेवलंय. 'येतोच'चा फोन आला का, असं विचारतात."

ती हसली. तो हसला नाही.

घाऱ्या अण्णांच्याच हाताखाली शिकलेला. आता कोपऱ्यावर त्याचं स्वतःचं दुकान होतं, फिरत्या खुर्च्या, भिंतभर आरसा. निम्मी गिऱ्हाइकं तिकडे गेली तेव्हा अण्णांच्या या थोरल्याने दोन दिवस चिडचिड केली आणि सोडून दिलं. गिऱ्हाइकांचं काय, ती फिरतातच. पण अण्णांनी जन्मभर आपली दाढी आपण केली होती. पोटच्या पोरालाही कधी गळ्याला वस्तरा लावू दिला नव्हता. तो गळा आता घाऱ्यापुढे दर गुरुवारी वर होत होता.

जायला त्याला कोणी अडवलं नव्हतं. आधी शनिवार-रविवारची गर्दी होती. मग कंबर धरली. मग म्हणाला, एकदा लग्न उरकू दे. खरं म्हणजे दवाखान्यात तो एकदा गेला होता. अण्णांचं तोंड डावीकडे उतरलेलं दारातूनच दिसलं, आणि डॉक्टरांना भेटायचं निमित्त करून तो तिथूनच परतला होता. लग्नातही पाहुण्यांच्या गडबडीत त्याने त्यांना लांबूनच नमस्कार केला होता.

गुरुवारी त्याने दुकान अर्धं ओढून घेतलं आणि बहिणीच्या घरासमोर जाऊन उभा राहिला. खिडकी उघडी होती. घाऱ्या फेस लावत काहीतरी सांगत होता, आणि अण्णा अर्ध्या तोंडाने हसत होते. त्यांच्या चांगल्या हाताने घाऱ्याच्या शर्टाचं टोक धरलं होतं. सुटू नये म्हणून धरतात तसं.

घरी येऊन तो आडवा झाला. जेवायला उठेना.

"काय होतंय?" बायकोने विचारलं.

"पोटात दुखतंय."

"कुणाचं चांगलं झालं?"

त्याने कूस बदलली. ती दिवा मालवताना म्हणाली, "अहो, दोन गल्ल्या तर आहेत. काही समुद्र ओलांडायचा नाही."

सोमवारी सलून बंद असायचं. सकाळी त्याने वस्तरा, वाटी, ब्रश, कात्री पिशवीत घातली. मग त्याला आठवलं की कात्रीला धार लावायची राहिलीय. धार लावायला बसला, तेवढ्यात मनात आलं, घाऱ्या अशा वेळी काय करत असेल? निघाला असेल. तो धार तशीच टाकून उठला.

अण्णांनी त्याला बघितलं आणि उतरलेल्या ओठाने शब्द जुळवत म्हणाले, "आला का येतोच?"

"आलो."

"घाऱ्याला काही झालंय का?"

"घाऱ्याला काय होतंय! तो ठणठणीत आहे. दाढी करायला आलोय मी."

अण्णांनी थोडा वेळ त्याच्याकडे पाहिलं. मग मान मागे टाकली.

वस्तरा गळ्याला टेकवताना त्याचा हात एकदा थांबला. मग चालला. गालावर चालला, हनुवटीवर चालला. उतरलेल्या बाजूकडे तो फार वेळ बघत नव्हता, तिथं हाताच्याच सवयीने करत होता. शेवटी मिशी घेतली. अण्णांची मिशी त्याला लहानपणापासून पाठ होती. दोन्ही बाजू सारख्या, ओठाच्या रेघेला धरून. त्याने तशीच कापली, टॉवेलने तोंड पुसलं आणि एक पाऊल मागे सरला.

बहीण चहा घेऊन आली ती दारातच थबकली.

"अगंबाई! दादा, तिरकी झाली."

"तिरकी कशी होईल? दोन्हीकडे सारखी आहे."

"सारखी आहे म्हणूनच. घाऱ्या ह्या बाजूची आखूड ठेवतो, त्या बाजूची लांब. मग नीट दिसते."

त्याने आता पहिल्यांदा समोरून, सरळ, अण्णांच्या तोंडाकडे पाहिलं. मिशी ओठाबरोबर खाली घसरली होती. अण्णांनी आरसा मागितला. बराच वेळ स्वतःला न्याहाळलं.

"ही माझ्या जुन्या तोंडाची मिशी," ते म्हणाले.

तो कात्री पुसत राहिला. पुसण्यासारखं तिच्यावर काही नव्हतं.

"वाढेल," अण्णा म्हणाले. "सोमवारी ये."

"गुरुवारी पण येतो. आता मी आहे ना."

"गुरुवार घाऱ्याचा."

"अहो, पण मी..."

"तू सोमवारी."

तो सोमवारी गेला. त्याच्या पुढच्याही सोमवारी गेला. फोन घरी ठेवून जायचा. दर वेळी आधी अंगठा फिरवून घाऱ्याने कुठं काय सोडलंय ते शोधायचा. एकदा कानामागे एक केस सापडला. तो दिवस त्याचा फार चांगला गेला. हळूहळू डावी बाजू आखूड ठेवणं त्याच्या हाताला कळलं. घाऱ्यापेक्षा बरं जमतं का, हे त्याने बहिणीला विचारलं. ती म्हणाली, "तुम्ही दोघं आता माझं डोकं खाऊ नका. तोही हेच विचारतो."

थंडी पडली तेव्हा एका सकाळी घाऱ्या थोरल्याच्या दुकानाच्या दारात येऊन उभा राहिला. हाताला फेस तसाच होता. थोरल्याने खुर्चीतल्या गिऱ्हाइकाला तसंच सोडलं आणि त्याच्यामागे निघाला.

अण्णा खुर्चीत होते. एक गाल झाला होता, दुसऱ्यावर फेस वाळत आला होता. बहीण त्यांचा हात धरून बसली होती. घाऱ्याने वस्तरा धुतला आणि मुठीची बाजू पुढे केली.

"उरलेली तू कर."

त्याने वस्तरा हातात घेतला. खिडकीकडे बघितलं, मग घाऱ्याकडे. मग तो परत दिला, आणि ब्रश ओला करून वाटीत नवा फेस करायला लागला.

"वार तुझा आहे," तो म्हणाला. "पुरी कर. मिशी मात्र मी बघतो."

अण्णा त्याच वर्षी वारले, डिसेंबरातल्या दुसऱ्या गुरुवारी, सकाळी.