तोलित्सची जागा

"सही इथे कर, तोतो. आणि तारीख घाल. चौथीतसुद्धा तारीख घालायला विसरायचास."

गावातल्या प्रत्येक पोराला 'तोतो' म्हणणाऱ्या मॅम पुरिंगनी कागद टेबलावरून पुढे सरकवला. पूर्वी त्या चौथीला शिकवत, आता गावच्या सामन्यांच्या नोंदी बघत. बरांगायच्या, म्हणजे गावाच्या, कचेरीत पंखा एकच होता आणि तो मॅमच्या बाजूला वळवलेला होता. डेन्सियो माग्बानुआने पेन उचललं, कागद वाचला आणि पेन पुन्हा खाली ठेवलं. कागदावर एकच वाक्य होतं: मी सध्या कोणत्याही व्यावसायिक संघाचा खेळाडू नाही.

फिएस्टाच्या, म्हणजे गावच्या वार्षिक जत्रेच्या, बास्केटबॉल सामन्यांचा हा नियम जुनाच. पोटासाठी खेळणाऱ्याने गावच्या संघातून उतरायचं नाही. त्यामुळे सोळा वर्षं डेन्सियो दर मे महिन्यात मनिलाहून आपल्या गावी, सान रोकेला यायचा, चॅपेलशेजारच्या कोर्टावर मानाचा पहिला चेंडू उडवायचा, भाजलेली कोंबडी खायचा आणि परत जायचा. ज्या कोर्टावर तो रबरी चपला घालून खेळ शिकला, तिथे त्याच्या वाट्याला पाहुण्याची खुर्ची येत असे.

"मॅम, सही उद्या केली तर?"

"मॅच आज चारला आहे."

"मनिलाहून फोन यायचाय. कोच म्हणालेत, एक जागा निघेल बहुतेक."

"कधी म्हणाले?"

"फेब्रुवारीत."

भिंतीवरचं कॅलेंडर मे महिन्याचं होतं, तेवढं पुरे होतं.

डेन्सियो सदतीस वर्षांचा होता. इतक्या वर्षांत त्याने छातीवर सार्डिनचे डबे मिरवले, सिमेंट मिरवलं, बॅटरी मिरवली आणि शेवटी रंगाचे डबे. तिकडे संघ कंपन्यांचे असतात आणि खेळाडूही. तो पॉइंट गार्ड. चेंडू पुढे न्यायचा, कोण मोकळा आहे ते हेरायचं आणि चेंडू त्याच्या हातात द्यायचा, एवढं त्याचं काम. तेही बहुतेक वेळा पहिला गार्ड दमला की सहा-सात मिनिटं. पण त्या सहा-सात मिनिटांत तो न बघता पास द्यायचा, आणि त्याचं जे काही नाव झालं ते यावरच. कोण कुठे उभा राहतो, कोणाला चेंडू छातीशी लागतो, कोणाला कमरेशी, हे त्याला पाठ असे. एकदा जेवताना रेडिओवरून त्याला कळलं, की सिमेंटवाल्यांनी आपल्याला बॅटरीवाल्यांकडे देऊन टाकलंय. ताटातला भात संपवून तो उठला आणि आठवड्याभरात नव्या संघातल्या सगळ्यांच्या जागा त्याने पाठ केल्या.

"तोतो," मॅम म्हणाल्या, "गेल्या वर्षी शेजारच्या बायबायवाल्यांनी नाव बदलून एक व्यावसायिक खेळाडू घुसवला होता. तेव्हापासून मी प्रत्येकाची शहानिशा करते. तुझीही केली." त्यांनी फाइलमधून एक पत्र काढलं. "मला वाटलं, तुला माहीत असेल."

पत्र लीगच्या कचेरीतून आलं होतं. खेळाडूला तीन मार्च रोजी मुक्त केले आहे, सध्या तो कोणत्याही संघाच्या यादीत नाही. कंपनीनेही त्याला कळवलं असणारच. पण कळवलं असेल ते मनिलातल्या भाड्याच्या घरी, आणि ते घर सोडून तो फेब्रुवारीतच गावी आला होता. म्हणजे गेले दोन महिने तो रोज पहाटे समुद्रकाठाने धावत होता, संध्याकाळी घोटे बर्फात बुडवून बसत होता, ते कोणासाठीच नव्हतं. डेन्सियोला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. जेवता जेवता तरी ऐकायला मिळालं असतं तर बरं झालं असतं, असंही एकदा मनात येऊन गेलं.

मॅमनी पंखा त्याच्या बाजूला वळवला.

त्याने सही केली. खाली तारीख घातली.

बाहेर तोलित्स जर्सींचं गाठोडं घेऊन उभा होता. तोलित्स ट्रायसिकल, म्हणजे साइडकार जोडलेली भाड्याची मोटरसायकल, चालवायचा. लहानपणी दोघांनी मिळून या कोर्टाचं सिमेंट झिजवलं होतं. डेन्सियोने पास द्यायचा आणि तोलित्सने उजव्या कोपऱ्यातून चेंडू बास्केटमध्ये टाकायचा.

"सात नंबर दे," डेन्सियो म्हणाला.

"सात माझा आहे."

"माझा होता ना?"

"होता. तू गेलास, मग मी घेतला. सोळा वर्षं झाली, आता काय तो परत मागतोस? हा घे अठ्ठावीस. कोणाला नको होता म्हणून उरलाय."

डेन्सियो हसला. सकाळपासून पहिल्यांदाच. अठ्ठावीस नंबर त्याला पोटावर घट्ट बसला.

चारला कोर्टाभोवती मुंगीला शिरायला जागा नव्हती. बक्षिसाचं डुक्कर चॅपेलच्या मागे खुंटाला बांधलेलं होतं. सहा वर्षं दरवर्षीचं डुक्कर बायबायला जात होतं आणि सान रोकेच्या जिवाला ते फार लागलं होतं. माइक न्हावी बोयेतच्या हातात होता. इकडची, इलोइलोची माणसं टोमणाही अंगाई म्हटल्यासारखा मारतात, आणि बोयेत तर त्यात मुरलेला. थोरल्या भावाला लावायचं 'मानोंग'ही तो विसरला नाही.

"मानोंग डेन्सियो नाडी बांधायला खाली वाकलेत, मंडळी. वर येईपर्यंत कोणाला आइसकँडी आणायची असेल तर आणा."

गाव हसलं. पण डेन्सियो खेळला. पाय पूर्वीसारखे पळत नव्हते, तरी डोळे शाबूत होते. पोरांच्या जागा त्याने पहिल्या पाच मिनिटांत ओळखल्या आणि पोरांच्या हातात चेंडू आपोआप पडू लागले. स्वतः मात्र तो बास्केटकडे बघेचना.

"टाका की, मानोंग!" बोयेत माइकवर ओरडला. "मनिलात बंदी होती, इथे नाही!"

शेवटचे बारा सेकंद उरले तेव्हा सान रोके एका गुणाने मागे होतं. तेवढ्यात सान रोकेच्याच उंच पोराचा पाचवा फाउल झाला आणि नियमाप्रमाणे ते बाहेर गेलं. बाकावर तोलित्स तेवढा उरला होता. तो लंगडत आत आला. डेन्सियोला इतका आनंद झाला, की त्याने लंगडणं पाहिलंच नाही.

चेंडू डेन्सियोकडे आला. सगळं गाव उभं राहून "टाक, टाक" म्हणत होतं. बायबायचे दोघे त्याच्यावर धावून आले. म्हणजे उजवा कोपरा मोकळा. डेन्सियोने मान डावीकडे ठेवली आणि न बघता उजव्या कोपऱ्यात पास दिला. कमरेशी, तोलित्सला लागायचा तसा.

कोपऱ्यात कोणी नव्हतं. चेंडू रेषेबाहेर गेला आणि आइसकँडीवालीच्या डब्यावर आदळला. शिटी वाजली. डुक्कर सातव्यांदा बायबायला गेलं.

"सोळा वर्षांची प्रॅक्टिस आहे, मंडळी," बोयेत म्हणाला. मग त्याने माइक बंद केला.

गर्दी पांगली. ऊन अजून होतं. डेन्सियो कोर्टाच्या कडेला बसला होता. तोलित्स येऊन उभा राहिला, कारण बसलं की त्याला उठायला त्रास होई.

"कोणाला दिलास रे तो?"

"तुला. तुझ्या जागी."

"ती कुठली माझी जागा? ट्रायसिकल उलटली तेव्हापासून मला कोपऱ्यापर्यंत पळता येत नाही."

अपघात झाला तेव्हा डेन्सियोने मनिलाहून फोन केला होता. गुडघा बरा आहे, असं तोलित्स म्हणाला होता, आणि डेन्सियोने ते खरं मानलं होतं. दर फिएस्टाला, आणि आता फेब्रुवारीपासूनही, तोलित्स त्याला भेटायचा तो ट्रायसिकलवर बसलेला. अपघाताला अकरा वर्षं झाली होती. चार कंपन्यांतल्या माणसांच्या जागा त्याला अजून सांगता आल्या असत्या.

"मला वाटलं, तू तिथेच असशील," तो म्हणाला.

"डुक्कर गेलं त्याचं काही नाही. बायबायवालेच पाठवतील मांस, बोलावतीलही. पण तू नीट बघून देत जा."

"मग कुठे उभा राहतोस आता?"

तोलित्स लंगडत गेला. बास्केटच्या डाव्या अंगाला, दोन पावलांवर थांबला. "इथे. आणि छातीशी दे. वाकवत नाही."

डेन्सियो उठला. आधी त्याने तोलित्सच्या पायांकडे नीट बघून घेतलं, मग पास दिला. चेंडू छातीशी गेला. तोलित्सने तो टाकला नाही, परत फेकला.

"पुन्हा," डेन्सियो म्हणाला.

मॅम पुरिंग खुर्च्या उचलून घेत होत्या. पाहुण्याच्या खुर्चीपाशी येऊन त्या जरा थांबल्या आणि तीही त्यांनी बाकीच्यांत रचून टाकली.

डेन्सियोने मान समुद्राकडे वळवली आणि न बघता पास दिला.