अर्ध्या स्वराची तक्रार

कानसेनाने गाणं मध्येच तोडलं. फिरत्या तबकडीवरून सुई अशी उपटली की स्पीकरमधून खर्रकन आवाज आला आणि नर्सबाईंच्या हातातली कॉफी बशीत सांडली.

“बास! यापुढे एक ओळसुद्धा ऐकवत नाही मला.”

दर रविवारी दुपारी शटर अर्धं ओढून ही मंडळी इथे, कानसेनाच्या टेपरेकॉर्डर दुरुस्तीच्या दुकानात, पोट उघडून ठेवलेल्या यंत्रांच्या गराड्यात बसायची. नियम एकच होता. गुरूची, म्हणजे त्यांच्या लाडक्या गायकाची, नवी तबकडी आली की ती पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकायची, तोंडातून चकार शब्द काढायचा नाही, आणि मग एकेकाने बोलायचं. गुरूने व्हायोलिनांचा ताफा घेऊन गुळगुळीत प्रेमगीतं गायली, तेव्हा मास्तर दातओठ खात बसले होते. पण बसले होते. आज नियम मोडला तो कानसेनाने, आणि नियम मुळात त्याचाच होता.

पण गाणंही साधंसुधं नव्हतं. ‘लोखंडी पूल’ गुरूने आयुष्यात एकदाच गायलं होतं, अडतीस वर्षांपूर्वी, मैदानातल्या मैफलीत. दुसऱ्या दिवशी त्याचं आणि गिटारवाल्याचं फाटलं, बँड मोडला, आणि ते गाणं पुन्हा ना मंचावर आलं ना तबकडीवर. उरली फक्त एक टेप. मंचाच्या पायथ्याशी मांडी ठोकून बसलेल्या, पंचविशीतल्या कानसेनाने केलेली. तिच्या नकला झाल्या, नकलांच्या नकला झाल्या, अनोळखी गावांतून पत्रं आली. तेव्हापासून तो सगळ्यांचा कानसेन झाला; खऱ्या नावाने त्याला कुणी हाक मारली नव्हती.

आणि आता एकाहत्तराव्या वर्षी गुरूने ते गाणं पुन्हा गायलं होतं.

“लय बघितलीत?” मास्तर म्हणाले. आयुष्यभर भूमिती शिकवलेला हा माणूस रागावला की अधिकच सावकाश बोलायचा. “तेव्हा पुलावरून धावत सुटला होता. आता कठड्याला धरून चाललाय.”

“पट्टीही उतरवली,” नर्सबाई बशीतली कॉफी पुन्हा कपात ओतत म्हणाल्या. “चक्क उतरवली! वॉर्डात रात्र काढताना या गाण्यावर उभी राहिलेय मी. झेपत नाही तर गाऊ नये ना माणसाने. कुणी हात जोडले होते?”

“मला तर बरं वाटलं,” दाराजवळच्या स्टुलावरून कानसेनाचा मेहुणा म्हणाला. तो बस चालवायचा आणि सुट्टी असली की यायचा. गुरूच्या उतारवयातल्या तबकड्या त्याला मनापासून आवडायच्या, त्यावरून त्याची दर वेळी खेचली जायची. “निवांत. आणि खरं सांगू? मला गाणं तेच वाटलं.”

“तेच?” कानसेन वळला. “तुझे कान आहेत की कपाटाच्या मुठी? अडतीस वर्षांचं गाणं त्याने मातीत घातलं, आणि म्हणे तेच! ज्याला बसच्या हॉर्नमध्येसुद्धा सूर सापडतो, त्याने इथे तोंड उघडू नये.”

मेहुणा हसला नाही. शटरखालून वाकून बाहेर पडताना एवढंच म्हणाला, “ताईला सांगा भाऊजी, मी जेवायला थांबत नाही.”

त्याच बैठकीत ठरलं की गुरूला पत्र पाठवायचं. सर्वांच्या सह्यांनिशी, रोखठोक. आणि ते चाहत्यांच्या मासिकातही छापायचं. मास्तर आठवडाभर मसुदा घासत बसले. ‘आपण थकलात याचा आम्हांस राग नाही, आपण आम्हांस फसवलेत याचा आहे.’ नर्सबाईंनी त्यात ‘लाज’ हा शब्द दोनदा घातला. एक जागा मात्र कोरी सोडली होती: पट्टी नेमकी किती उतरवली आणि लय किती मंदावली. “नुसती आदळआपट नको,” मास्तरांनी बजावलं. “मोजमाप हवं. ते तुझ्याकडे. तुझ्या कानापुढे त्याचे वकीलही गप्प बसतील.”

शनिवारी सकाळी कानसेनाने दुकान उघडलं ते गिऱ्हाइकासाठी नव्हेच. मूळ टेप काढली, हेड पुसलं, एका बाजूला स्टॉपवॉच ठेवलं, दुसऱ्या बाजूला स्वर मोजणारा मीटर. हात रागाने जरा जास्तच चपळ झाले होते.

टेपवरचं गाणं चार मिनिटं पंधरा सेकंद. नवं, चार मिनिटं तीस. टेपवरच्यापेक्षा नवं बरोबर अर्ध्या स्वराने खाली.

त्याने आकडे पत्रात लिहिले. लिहिता लिहिता पेन्सिल थांबली.

गाणं शंभराला सहाने मंद. आणि अर्धा स्वर खाली म्हणजे स्वराची कंपनंही शंभराला सहानेच कमी. म्हातारा गळा पट्टी उतरवतो, म्हाताऱ्या पायांची लय पडते, मान्य. पण दोन्ही एकाच मापाने कशी पडतील? चाळीस वर्षं यंत्रं दुरुस्त करणाऱ्या माणसाला हे दुखणं पाठ होतं. हे गळ्याचं नव्हतं. मोटरचं होतं.

त्याने टेप मागे नेली, गाणं सुरू होण्याआधीच्या शांततेपाशी. तिथे मंचावरच्या अॅम्प्लिफायरांची गुणगुण होती. विजेवर चालणारं प्रत्येक यंत्र करतं तशी. वीज सेकंदाला पन्नास झोके घेते, मैफल कुणाचीही असो. त्याने मीटर लावला.

त्रेपन्न.

तारा काढून पुन्हा जोडल्या. त्रेपन्न.

मग त्याला ती पुली आठवली. मैफलीच्या आदल्या दिवशी रेकॉर्डरची पुली, टेप फिरवणारं मोटरवरचं चाक, तडकली होती. दुसऱ्या यंत्रातली काढून, कानशीने घासून, त्याने ती मोटरवर बसवली होती आणि आपल्या हुशारीवर खूश होऊन शीळ घातली होती. घासली जरा जास्त, ती लहान झाली. टेप हळू चालली, हळू भरली गेली. पुढच्या महिन्यात नवी, बरोबर मापाची पुली आली, आणि तेव्हापासून ते गाणं जगातल्या प्रत्येक यंत्रावर घाईघाईने, अर्धा स्वर चढून वाजत राहिलं. गुरू त्या पट्टीत कधी गायलाच नव्हता. एकाहत्तराव्या वर्षी तो गायला होता ती त्याची तरुणपणीचीच पट्टी.

कानसेनाने हातातला पेचकस भिंतीवर फेकला. तो उचलायला वाकला तेव्हा तसाच जमिनीवर बसून राहिला.

दुपारी त्याने मेहुण्याला फोन लावला.

“उद्या ये.”

“कशाला? शिव्या खायला?”

“खायला नाही. द्यायला.”

रविवारी त्याने सगळं सांगितलं. पुली, कानस, गुणगुण, त्रेपन्न. मास्तरांनी कागदावर भागाकार केला, दोनदा केला, आणि पेनाचं टोपण लावलं. नर्सबाईंचा चेहरा लाल होत गेला.

“खोटं आहे. मी तिथे होते. माझ्या कानांनी ऐकलंय!”

“मीही होतो,” कानसेन म्हणाला. “तुम्ही तेव्हा एकदा ऐकलंत बाई. आणि टेप किती वेळा?”

मग त्याने वेग बदलता येणाऱ्या यंत्रावर टेप चढवली आणि मीटर पन्नासला येईपर्यंत बटण मागे फिरवलं. गुरू गायला लागला. तेहतीस वर्षांचा होता तो तेव्हा. आवाज खाली आला होता, शब्दांमध्ये जागा झाली होती, आणि त्या जागांमध्ये दमलेल्या माणसाचा श्वास ऐकू येत होता. पुलावरून कुणी धावत नव्हतं. कुणीतरी चालत, थांबत, पुन्हा चालत होतं.

“बंद कर ते!” नर्सबाई ओरडल्या. “बंद कर म्हणते ना! एवढं उघडं करून दाखवायची काय गरज होती तुला? खराब निघालं तर तुझं यंत्र निघालं. आमचं आयुष्य कशाला उचकतोस?”

“बाई, चूक माझी आहे. शिव्या मला द्या. त्याला का?”

“तुलाही देते. अजून उरल्यात.”

मास्तर घसा साफ करत म्हणाले, “हे बघ, पुली तुझी, कान तुझे. पण आपण प्रेम केलं ते टेपवरच्या गाण्यावर. तेच गाणं त्याने द्यायला हवं होतं. तक्रार तीच राहते.”

“जे त्याने गायलंच नाही ते?”

“आम्ही ऐकलंय ना!” मास्तरांचा आवाज पहिल्यांदाच चढला. “सह्या झाल्यात. तुझी तेवढी राहिलीय. आकडे तूच लिहिलेस, स्वच्छ अक्षरात. कर.”

कानसेनाने मेहुण्याकडे पाहिलं. त्याला आता टोमणा मारायचा पुरता हक्क होता. पण तो बसची टोपी मांडीवर ठेवून नुसता बसला होता.

“लाव आता,” नर्सबाई म्हणाल्या. आवाज उतरला होता, राग नाही. “नीट लाव. आपलं.”

कानसेनाने बटण पुढे फिरवलं. ओळखीचं, चढं, सुसाट गाणं दुकानात शिरलं तसे नर्सबाईंनी पाठ मागे टेकून डोळे मिटले. दुसऱ्या ओळीला मास्तरांचेही मिटले, आणि दोघं गुरूबरोबर गाऊ लागले. मास्तर बेसूर, बाई मांडीवर ठेका धरून. कानसेनानेही ओठ उघडले. पण त्याच्या कानाला ते आता लागेना. गुरूला कुणीतरी मागून ढकलतंय आणि तो पडता पडता गातोय, असंच त्याला ऐकू येत राहिलं.

त्याने पत्र पुढ्यात ओढलं. सह्यांच्या खाली चार बोटं जागा होती. घाईने, पण सुवाच्य अक्षरात त्याने लिहिलं: ‘वरील आकडे बरोबर आहेत, पण तक्रार तुमच्याविरुद्ध नाही. त्या मैफलीची टेप मी केली होती. पुली मी जास्त घासली. तुम्ही तेव्हा गायलात तसंच आता गायला आहात. ही मंडळी रागावली आहेत, कारण त्यांना ते गाणं फार आवडतं.’ आणि खाली, अडतीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं ते आपलं खरं नाव.

मान वर केली तर मेहुण्याचे डोळे उघडे होते. तो स्टुलावरून उठला, दोघांच्या गुडघ्यांमधून अलगद वाट काढत आला आणि पाकिटाचं तोंड उघडून समोर धरलं. गाणं संपायला अजून मिनिटभर अवकाश होता.

पाकीट चिकटलं तेव्हा मैदानातल्या टाळ्या सुरू झाल्या होत्या. मास्तरांनी डोळे पुसले, चष्मा चढवला.

“केलीस ना सही?”

“केली,” कानसेन म्हणाला.

“द्या इकडे,” मेहुण्याने पाकीट खिशात घातलं. “माझ्या वाटेवरच आहे पोस्ट.”